आधी लेन्स, मग बॉडी

बांद्यात पहिला डीएसएलआर घेणारा बहुतेकदा सगळे पैसे बॉडीत घालतो. मेगापिक्सेल मोजतो आणि लेन्सचा विचार राहून जातो. खरा कस लागतो तो जत्रेच्या रात्री, दशावतारात.

राजा तलवार फिरवत येतो, उजेड बेताचाच. किटमधल्या १८-५५ लेन्सचं अपर्चर ५५ला एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. ५० मिमी एफ १.८ लेन्स जवळपास दहापट उजेड आत घेते. जिथे शटर १/२५ला अडकून फोटो हलतो, तिथे १/२५० मिळतं आणि गिरकी घेणारा हात स्वच्छ येतो. कॅननच्या १.६ क्रॉपमुळे चौकट ८० मिमीइतकी आवळते; भुवईवरची रंगरेषा टिपायला तेवढी पुरे.

बॉडी वापरलेली चालेल. २०१८ची कॅनन १५००डी चोवीस मेगापिक्सेलची आहे, घरच्या अल्बमला ते भरपूर झाले. निकॉन डी३५००मध्ये मात्र फोकसची मोटर नाही. ५० मिमी एफ १.८डीसारख्या जुन्या लेन्सचा फोकस तिच्यावर हातानेच करावा लागतो.

शिवाय तेरेखोलकाठचा पावसाळा! दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा. सेकंडहँड लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, ते पैसे देण्याआधी बघावं.