घरातलं वैयावृत्य



माझ्या दिरांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. सूर्यास्ताआधी त्यांना भरवायला तासभर लागतो. घाई केली की ठसका लागतो. पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री उठून कूस बदलावी लागते.

परवा समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "असं माणूस घरात असणं म्हणजे मागच्या जन्मीचं पाप." एरवी मी गप्प बसते. या वेळी लिहिलं, "कर्मसिद्धान्त मीही मानते. पण तो स्वतःला तपासायला आहे. दुसऱ्याच्या व्हीलचेअरकडे बोट दाखवायला कुणी सांगितलं?"

सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्य, म्हणजे सेवा, आणि लगेच पुढे स्वाध्याय येतो. मुनींच्या सेवेचा हा शब्द मी घरातही वापरते. आणि स्वाध्याय म्हणून शास्त्राशेजारी 2016चा दिव्यांग हक्क कायदाही वाचते. त्यात 21 प्रकार नोंदले आहेत, सेरेब्रल पाल्सीसुद्धा. पापाचा उल्लेख कुठे नाही, हक्कांचा आहे. अनेकांत मानणाऱ्यांना दोन्ही पुस्तकं जड होऊ नयेत.

ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. रात्री एका काकूंचा फोन आला. "माझी नातही तशीच आहे गं. कुणाला सांगितलं नव्हतं. ते दिव्यांग प्रमाणपत्र कसं काढायचं?"

उद्या कागद घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.