मागची बाजू

"एवढ्याशा तुकड्याला दोन दिवस?" आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. हातात काय असतं, तर कप ठेवायचा साचा, नाहीतर नव्या टचस्क्रीनभोवती बसवायची काळी चौकट. गाडी आतून बिस्किटी रंगाची आणि बाजारात मिळणारी वस्तू काळी. बसवल्यावर ती गोऱ्या गालावरच्या डागासारखी दिसते. त्या डागाला गालाचा रंग द्यायचा, हा आमचा धंदा.

आम्ही दोघे भाऊ. थोरला शिरूरला, पुणे-नगर रस्त्यालगत भाड्याच्या गाळ्यात रंगकाम करतो. धाकटा दौंडला अब्बा-अम्मीजवळ राहून घरामागच्या पत्र्याखाली वस्तू गाडीत बसवून देतो. दौंडचं गिऱ्हाईक तुकडा देतं, तो न्हावरा-चौफुला रस्त्याने मोटारसायकलवर शिरूरला येतो आणि रंगून परत जातो. शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेवाचून पान हलत नाही. घोडनदीचं पाणी भीमेला मिळून दौंडकडे जातं, तसेच आमचे तुकडेही जातात, असं अम्मी म्हणते. तिला ही उपमा फार आवडते, म्हणून इथे लिहिली.

रंगाचं काम आमच्या घरात अब्बांमुळे आलं. ते रेल्वेत पेंटर होते. डब्याच्या टोकाला दुरुस्ती कधी झाली आणि पुन्हा कधी व्हायची, त्या तारखा पत्र्याचा साचा धरून लिहिलेल्या असतात. अब्बांनी अशा किती तारखा लिहिल्या असतील त्याचा हिशेब नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी वॅगन आर घेतली. तिच्या कप्प्याचं झाकण तुटलेलं होतं. पुण्याच्या नाना पेठेत हिंडून आम्ही झाकण आणलं, पण ते काळपट राखाडी निघालं. अब्बांनी ते अंगणात बसून रंगवलं. आठ दिवसांत रंगाचे पापुद्रे निघाले. लोखंडावर चाळीस वर्षं हात चाललेला माणूस प्लास्टिकपुढे हरला, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

तिथून आमचं शिक्षण सुरू झालं. कोणत्याही तुकड्याची मागची बाजू उलटून पाहिली तर बारीक अक्षरं उठवलेली दिसतात. 'पीपी' असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. बहुतेक डॅशबोर्ड आणि दाराचे आतले भाग याच जातीचे असतात. त्याचं अंग तेलकट म्हणावं असं. रंग त्याला धरतच नाही. आधी प्लास्टिकचा वेगळा प्रायमर पातळ मारावा लागतो, मगच वर रंग टिकतो. 'एबीएस' असेल तर रंग चांगला बसतो, पण जहाल थिनरने पुसलं की त्याला बारीक तडे जातात. अब्बांच्या झाकणावर 'पीपी' लिहिलेलं होतं. कोणी ते उलटून पाहिलं नव्हतं.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश. लोक हौसेने ते चोळतात आणि त्यातलं सिलिकॉन अंगात मुरतं. रंग मारला की जागोजागी माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. म्हणून आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं, सुकवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मग सहाशे-आठशेच्या पॉलिशपेपरने हलका हात फिरवायचा. हलका एवढ्यासाठी, की प्लास्टिकवर चामड्यासारखी जी दाणेदार नक्षी असते ती घासली गेली, किंवा जाड रंगाने बुजली, तर रंग कितीही जुळो, तुकडा परका दिसतो. तीन-चार धुक्यासारखे हात, प्रत्येक हातामध्ये थांबायचं. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढरी झाक येते, तेव्हा काम पुढे ढकलायचं. दोन दिवस जातात ते असे.

आणि रंग जुळवायचा तो ट्यूबलाइटखाली नाही. दुकानात अगदी एकसारखे वाटलेले दोन तुकडे उन्हात नेले की एक गुलाबीकडे झुकतो, दुसरा हिरवटाकडे. शिवाय गाडी दहा वर्षं उन्हात उभी राहिलेली असते, तिचा बिस्किटी रंग पिवळा पडलेला असतो. कारखान्यातून निघाला तेव्हाचा रंग काढून उपयोग नाही, आजचा काढावा लागतो. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात बनलेल्या लिनिया आणि पुंतो आपल्या भागात अजून फिरतात. त्या गाड्या बनायच्या केव्हाच बंद झाल्या. दुसऱ्या गाडीतून काढलेला भाग मिळाला तरी रंग वेगळा. मालक येतो, म्हणतो, "आतून तरी नवी वाटू दे." अशा माणसाचं काम करताना आम्हाला मनापासून आनंद होतो.

इथवर सगळं सरळ आहे. आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

2022च्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ शिरूरच्या दुकानात आले. त्यांच्या पिशवीत स्टिअरिंगच्या मधोमध बसणारं, एअरबॅगवरचं झाकण होतं. "डॅशबोर्डसारखा गडद राखाडी करून द्या," म्हणाले. नऊशे रुपये ठरले. आमच्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता त्याच महिन्यात होता. चार महिन्यांत त्यांनी अशी पाच झाकणं आणली.

पहिलं झाकण हातात घेतल्याबरोबर ते हलकं लागलं. सवयीने उलटून पाहिलं. खऱ्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाडी मुद्दाम कमी करून रेघ सोडलेली असते. धडक बसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत एअरबॅग फुगते आणि झाकण त्या रेघेवर फाटून तिला वाट देतं. म्हणून असल्या झाकणावर रंगाचे जाड थर चढवणंसुद्धा चूकच. या झाकणात रेघच नव्हती. मागे एअरबॅगच्या डब्याला धरायच्या खुंट्या नव्हत्या. नुसता सपाट प्लास्टिकचा पत्रा. म्हणजे ज्या गाडीवर ते बसायचं होतं, तिची एअरबॅग एखाद्या अपघातात फुटून गेलेली होती आणि तिच्या जागी पोकळी होती.

आम्हाला कळलं नाही, असं म्हणता येत नाही. थोरल्याला दुकानात कळलं. एक झाकण धाकट्याने दौंडहून परत आणून पोचवलं होतं, त्यालाही कळलं होतं. आम्ही एकमेकांना बोललो नाही. आपण रंगवणारे, विकणारे ते, असं दोघांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं.

आमच्या गल्लीत एक सर राहतात. शाळेत गणित शिकवतात, आमच्या बहिणीलाही त्यांनीच शिकवलं. ऑक्टोबरात त्यांनी चार वर्षं वापरलेली गाडी घेतली, पेढे वाटले. दोन मुलींना घेऊन ते धाकट्याकडे आले. टचस्क्रीन बसवायचा होता आणि त्याच्या चौकटीला रंग द्यायचा होता. धाकटा माप घ्यायला चालकाच्या सीटवर बसला. समोर झाकण होतं. उजव्या कडेला रंगाखाली मोहरीच्या अर्ध्याएवढा धुळीचा कण. तो कण आम्हाला माहीत होता. दुरुस्त करायचा राहून गेला होता, आणि त्या गृहस्थांनी "चालतंय" म्हणून तसाच नेला होता.

धाकट्याने चावी फिरवली. एअरबॅगचा लाल दिवा चावी फिरवताच काही सेकंद लागतो आणि विझतो. तो लागलाच नाही. मोठी मुलगी शेजारच्या सीटवर बसून काचेवर बोटाने नाव लिहीत होती.

त्या रात्री थोरल्याला दौंडला बोलावून घेतलं. जेवणं झाल्यावर अब्बांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "उलटून बघितलं होतं का?" आम्ही हो म्हणालो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अम्मी म्हणाली, "ते ओल्या धान्याचं तुम्हाला लहानपणी शिकवलं होतं ना?" बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओल लागली, ती हदीस वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या मदरशात ती सगळ्यांत आधी पाठ करून घेत. वरचा कोरडा थर पसरणारे हात आपलेही असू शकतात, हे मात्र पाठ करताना कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इशानंतर आम्ही दोघे सरांकडे गेलो. वहिनींनी चहा ठेवला. आम्ही सांगितलं. सर आधी हसले, त्यांना वाटलं आम्ही काही रंगाबद्दल बोलतोय. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. थोरला म्हणाला, "होतं, सर." त्यांनी चहाचा कप न पिता खाली ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या सीटवर माझी मुलगी बसते." पुढे ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं काही खोटंही नव्हतं.

विकणाऱ्या गृहस्थांनी आधी हात वर केले. सरांनी पोलिसांत जायची भाषा केली तेव्हा वीस हजार परत दिले. एअरबॅग, तिचं खरं झाकण, पट्ट्याची यंत्रणा आणि या सगळ्याला हुकूम देणारा डबा, हे सारं नवीन घालायचा खर्च सत्तर हजारांच्या पुढे गेला. त्यातले पंधरा हजार आम्ही हप्त्याने दिले. सर नको म्हणाले नाहीत आणि आम्हाला ते बरंच वाटलं. नको म्हणाले असते तर आम्ही आयुष्यभर त्यांच्यासमोर मान खाली घालून चाललो असतो. बहिणीची फी त्या वेळी अम्मीच्या बांगड्यांतून भरली गेली.

राहिलेली चार झाकणं कुठल्या गाड्यांवर आहेत ते आम्हाला ठाऊक नाही. ते गृहस्थ सुटे तुकडेच आणत, गाडी कधी आणली नाही. आम्ही फोन केला तेव्हा म्हणाले, "तुमचे पैसे मिळाले ना?" नंतर त्यांनी आमचा नंबर घेणं बंद केलं. म्हणून हे लिहितोय. 1 जुलै 2019पासून आपल्या देशात नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ती आहे. आज जुन्या बाजारात येणाऱ्या कितीतरी गाड्या एअरबॅगच्या आहेत. आपल्यापैकी कोणी अशी गाडी घेत असेल, किंवा गेल्या दोन-चार वर्षांत घेतली असेल, तर चावी फिरवून तो लाल दिवा पाहा. लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर काहीतरी गडबड आहे. दिव्याचीही हातचलाखी करणारे आहेत, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका, कंपनीच्या अधिकृत केंद्रात नेऊन संगणकावर तपासून घ्या. थोडे पैसे लागतात. स्टिअरिंगच्या झाकणाचा रंग, त्यावरचे दाणे आणि कडेची फट बाकीच्या डॅशबोर्डशी ताडून बघा. आमच्यासारख्याने काम केलं असेल तर रंगावरून कळणार नाही, हेही सांगून ठेवतो. आणि एअरबॅग असो वा नसो, पट्टा बांधा. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला असते, त्याच्या बदल्यात नाही.

त्या हिवाळ्यात अब्बा एक दिवस शिरूरला आले. सोबत जुन्या पत्र्याचे साचे आणले होते, आकड्यांचे, बोटभर उंचीचे. गाळ्यात खुर्ची टाकून बसले आणि तयार झालेला एकेक तुकडा उलटा करून मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाने तारीख टाकू लागले. खाली बारीक ब्रशने 'शिरूर, रंगवलेले'. सुरुवातीला गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. कोणाला मागची बाजू दिसत नसते, मग कशाला ही मेहनत, असं म्हणत. अब्बा म्हणत, "डब्यावरची तारीखसुद्धा गाडीत बसणारा कोणी वाचत नाही. जो गाडी उघडतो, तो वाचतो."

सरांची चौकटही आम्हीच रंगवली. ती न्यायला ते स्वतः शिरूरला आले. उलटून तारीख वाचली, खिशातून पैसे काढले, ठरले होते तेवढेच. जाताना दारातून वळून म्हणाले, "मोठीला आता मागे बसवतो. ती रुसते." आणि गेले.

मागच्या महिन्यात एक नवा माणूस डॅशबोर्डच्या डाव्या बाजूचं झाकण घेऊन आला. थोरल्याने उलटून पाहिलं. मग त्याला मागे टाकायची तारीख आणि अक्षरं दाखवली, म्हणाला, "हे टाकल्याशिवाय देत नाही, आणि गाडी आणल्याशिवाय हे झाकण घेतच नाही." त्याने झाकण परत पिशवीत घातलं. त्या दिवशी दुसरं काम आलं नाही. चार वाजता गाळा बंद करून थोरला घरी गेला.