ओवीला प्लेबॅक नसतो

माध्यम-अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला एक म्युझिक व्हिडिओ करायचा असतो. विभागाकडून दोन कॅमेरे आणि एक साउंड रेकॉर्डर मिळतो, बाकी सगळं ज्याचं त्यानं उभं करायचं. बहुतेक गट होस्टेलवरच्या एखाद्या मित्राचं गिटारवरचं गाणं घेतात आणि टेकडीवर जाऊन शूट करतात. आमच्या गटातल्या एकाची आजी मुळशी तालुक्यातल्या एका गावात राहते. चक्की घराजवळ आली तरी भाकरीचं थोडं पीठ ती अजून घरीच दळते, आणि जात्यावर बसली की गाते. हे त्यानं फार संकोचून सांगितलं होतं. मला मात्र तेव्हाच वाटलं, हेच आपलं गाणं.

गाण्याच्या चित्रीकरणाची रूढ रीत सगळ्यांना माहीत असते. गाणं आधी रेकॉर्ड करायचं, मग शूटच्या जागी मोठ्यानं वाजवायचं, आणि पडद्यावरच्या माणसानं त्यावर ओठ हलवायचे. सेकंदाला २५ फ्रेम धावतात. त्यातल्या दोन-तीन इकडच्या तिकडे झाल्या तरी बघणाऱ्याला खटकतं. स्लो मोशन हवं असेल तर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात, गाणारा तितक्याच घाईनं ओठ हलवतो, कॅमेरा ५० फ्रेमवर चालतो. मग चित्र निम्म्या वेगावर आणलं की पदर, केस, पाऊस सगळं तरंगायला लागतं आणि ओठ तेवढे गाण्याच्या बरोबर राहतात. वर्गात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेले होते. अजूनही ती युक्ती मला सुंदर वाटते.

गावात गेल्यावर आम्ही त्याच रीतीनं निघालो. आजींच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, स्पीकरवर लावल्या आणि म्हटलं, "आजी, आता यावर नुसते ओठ हलवायचे." आजींनी स्वतःचा आवाज शांतपणे ऐकला. मग म्हणाल्या, "ती ओवी झाली की गं. आता दुसरी येईल."

आमचा सगळा व्हिडिओ त्या उत्तरातून निघाला. जात्यावर बसलेल्या बाईला ओवी पाठ म्हणून दाखवायची नसते. एका ओवीत भाऊ भेटीला येतो, पुढच्या ओवीत सीता वनात जाते, मध्येच विठ्ठल-रखुमाईचं भांडण निघतं. ओळ किती लांबवायची ते दमावर ठरतं, आणि दम खुंट्यावरच्या हातावर. घास जाड पडला की जातं जड होतं आणि सूर खाली येतो. समोर बसून खुंट्याला हात लावणारी शेजारीण ओळ उचलते तेव्हा पहिलीला श्वास घ्यायला जागा मिळते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सोबतीनं त्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. लाखाचा आकडा वाचून मी पूर्वी नुसतीच थक्क व्हायचे. आजींसमोर बसल्यावर वाटलं, दळणं रोजचं होतं आणि दर दळणाला ओवी नवी होती, मग लाख व्हायचेच.

तेव्हा ठरलं, प्लेबॅक नको. गाणं आणि चित्र एकदमच घ्यायचं. आपल्या सिनेमाला हे नवीन नाही. १९३२ साली प्रभातनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोरच गायले होते. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आणलं आणि पुढे गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा हीच आपली सवय झाली. त्या सवयीनं आपल्याला अपार सुख दिलं आहे. पण आजींच्या घरात गळा आणि चेहरा वेगळे करण्याचं काही कारणच नव्हतं. हातसुद्धा वेगळा करता येत नव्हता.

आवाज घेणं सगळ्यांत अवघड गेलं. जात्याची घरघर खालच्या सुरातली, आजींचा आवाजही खालचाच. एकच माईक ठेवला तर दगड बाईला गिळून टाकत होता. खांद्याजवळ लावलेल्या छोट्या माईकवर बांगड्या आणि लुगड्याची सळसळ येई. शेवटी एक माईक आढ्याच्या वाशाला टांगला, दुसरा जात्याजवळ गोधडीच्या घडीवर ठेवला आणि बांगड्या राहू दिल्या. त्या आवाजाशिवाय दळण कसलं? उजेड दाराचा. चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंतींवर चित्रात दाणे दिसत होते. आमच्यातला एक जण दिवे लावू या म्हणत होता. आजींनी विचारलं, "कुठं बघायचं रं पोरांनो?" नातू म्हणाला, "कुठंच नको गं, तू दळ." त्यानंतर कोणी दिव्यांचं नाव काढलं नाही.

एडिटिंगला बसलो आणि एक गंमत हाती आली, ती कुठल्या पुस्तकात मी वाचली नव्हती. दळण चालू असताना जात्याभोवती पिठाचं कडं साचत जातं. सुरुवातीला बोटभर, मग ओंजळभर, शेवटी दगडाच्या कडेपर्यंत. शॉट मागेपुढे केला की पीठ एकदम कमी होतं आणि खोटं उघडं पडतं. त्यामुळे टाइमलाइनवर कोणता शॉट आधी आणि कोणता नंतर हे पिठानं ठरवलं. कट कुठे घ्यायचा हे खुंट्यानं ठरवलं: एका कॅमेऱ्यात हात जिथवर फिरला तिथूनच दुसऱ्यात पुढे फिरला पाहिजे. ठेक्यावर कट मारायची आमची सवय तिथे चालेना, कारण ठेका दर फेऱ्याला थोडा सरकत होता. स्लो मोशनही आम्ही घेतलं नाही. दळणाच्या कष्टाला तरंगायला लावणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

अँड्र्यू गुडविन यांचं संगीत-व्हिडिओंवरचं १९९२चं पुस्तक आम्हाला अभ्यासाला होतं. त्यातली विचारण्याची रीत उपयोगी आहे: चित्र शब्दांचंच अनुकरण करतं का, त्यांच्यात भर घालतं का, की वेगळीच वाट धरतं? ओवीत भाऊ येतो तेव्हा रस्त्यानं येणारा तरुण दाखवावा, असं गटात दोघांना वाटत होतं. मी हट्टानं नाही म्हटलं. भाऊ ज्याचा त्याला दिसू दे. आम्ही त्या ओळीवर आजींचा चेहराच ठेवला, आणि तिथे त्या डोळे मिटून घेतात.

हातानं रोज दळलेल्या बायका आता बहुतेक सत्तरीपुढे आहेत. म्हणून जे विद्यार्थी यंदा हा प्रकल्प करतील, त्यांना एवढंच मागणं आहे. घरात कुणी गाणारं असेल तर तिथून सुरुवात करा. चित्र लावण्याआधीचं सलग रेकॉर्डिंग पुसू नका. त्याची एक प्रत त्या घरी द्या. आणि पहिल्या पाटीवर दिग्दर्शकाच्या आधी गाणाऱ्या बाईचं नाव घाला.