चार्ज कोणाकडे?

२०२३च्या उन्हाळी सुट्टीत आमच्या तालुक्यातले बरेच शिक्षक आंतरजिल्हा बदलीने कार्यमुक्त झाले. कोकणाला हे नवं नाही. घाटावरचे गुरुजी इथे वर्षानुवर्षं आईवडिलांपासून लांब काढतात, बदलीकडे डोळे लावून बसतात. त्यांचं जाणं हक्काचंच होतं. पण त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पवित्र पोर्टलवरची भरती रेंगाळलेली होती. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा पहिली ते पाचवीच्या आमच्या शाळेत मी एकटी होते. पट चाळीसच्या आसपास. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. दुसरं पद मंजूरही होतं, त्यावर माणूस नव्हता.

मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडे आला. बदलून जाणारे सर आणि मी मिळून तांदळाची पोती वजनकाट्यावर चढवली, डाळ मोजली, जनरल रजिस्टर, कॅशबुक, कपाटाच्या चाव्या असं एकेक करत यादीवर सह्या केल्या. सर निघाले आणि दारातून परत आले. तिसरीत जाणाऱ्या एका मुलीबद्दल सांगायचं राहिलं होतं. तिला जोडाक्षरं येत नाहीत, वर्गात सगळ्यांदेखत वाचायला उभी करू नका, जवळ बसवून पाटीवर फोड करून दाखवा, म्हणाले. चार्जच्या यादीत असलं काही लिहायला जागा नसते.

आमच्यावरची फळीही तशीच रिकामी होती. केंद्रप्रमुखाचं पद रिक्त, त्याचा चार्ज शेजारच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ गुरुजींकडे, आणि त्यांना स्वतःचे दोन वर्ग. गटशिक्षणाधिकारी निवृत्त झाले, चार्ज विस्तार अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांची बदली झाली, तो आणखी तिसऱ्याकडे गेला. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपल्यापासून प्रशासक होते, त्यामुळे गावाने गाऱ्हाणं घेऊन जावं असा सदस्य नाही की शिक्षण सभापती नाही. माझ्या शाळेला कामगिरीवर शिक्षक द्यायचं एका साहेबांनी मान्य केलं होतं. आदेश निघायच्या आत ते गेले. नव्या साहेबांनी माहिती पुन्हा मागवली, नव्या नमुन्यात. ही माणसं वाईट नव्हती. पण चार महिन्यांसाठी खुर्चीवर बसलेला माणूस कुठल्या शाळेचं दुखणं काय आहे हे ओळखेपर्यंत त्याची मुदत संपते.

जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना वीस हजार मानधनावर घेण्याचा शासन निर्णय आला. तालुक्याच्या गावात राहणारं कोणी आमच्या सड्यावरच्या वाडीत यायला तयार झालं नाही. गणपतीनंतर गावातलीच डी.एड. झालेली एक मुलगी तुटपुंज्या मानधनावर आली, म्हणून मला पहिली-दुसरी तिच्याकडे देता आली. तोवर पाचही इयत्ता एकाच खोलीत होत्या. पाचवीला भागाकार शिकवायला घ्यावा, तर पहिलीचं पोर चड्डी ओली करून रडत असायचं. वरच्या मुलांना खालच्यांना शिकवायला लावण्याचं कौतुक होतं. मी सांगते, पाचवीच्या मुलांचं त्यात वर्ष जातं.

जानेवारी २०२४मध्ये मराठा आरक्षणासाठीचं सर्वेक्षण आलं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असं कायद्याचं कलम २७ सांगतं. तरी आदेश आला, आणि मी मोबाइल घेऊन घरोघर फिरले. ज्या घरांत प्रश्न विचारले, त्याच घरांतली मुलं शाळेत माझी वाट बघत होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस पवित्र पोर्टलची यादी लागली आणि मार्चमध्ये, लोकसभेची आचारसंहिता लागायच्या आत, आम्हाला शिक्षणसेविका मिळाली. हुशार, मनापासून शिकवणारी. आली त्याच आठवड्यात तिने मुलांची वाचनाची पातळी तपासली. सरांनी सांगितलेली ती मुलगी ‘प्रार्थना’ शब्दाशी तेव्हाही थांबत होती. तिला रोज जवळ बसवायला मला वेळच मिळाला नव्हता.

नवी शिक्षिका मराठवाड्यातली आहे. तिचेही आईवडील थकलेले आहेत. काही वर्षांनी तीही बदली मागेल आणि तिला ती मिळायला हवी. फक्त तिच्या जागेवरचा शिक्षक हजर झाल्यावरच तिला कार्यमुक्त करा, एवढी एक अट पाळली तरी आमच्यासारख्या शाळांचं वर्ष वाया जाणार नाही.

तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला जा. मंजूर पदं किती, कार्यरत किती, हे विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ठरावाची प्रत पंचायत समितीला देऊन तिची पोच ठेवा. आम्ही शिक्षक हे लिहितो तेव्हा ती मागणी समजली जाते, पालकांनी लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.