‘कुठल्या युनिव्हर्सिटीला आहे?’

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकाचं नाव शेवटी विचारतात. आधी विद्यापीठ, मग शाखा, मग वर्ष, मग पॅटर्न. ‘एसई कॉम्प, २०१९ पॅटर्न’ एवढं म्हटलं की काउंटरवरचा मुलगा मागे न बघता हात लांबवून गठ्ठा काढतो, वर ‘डिकोड पण देऊ का?’ असं परीक्षेच्या गाइडचंही विचारतो. या यंत्रणेला मी नावं ठेवणार नाही. भर पावसात, छत्र्या गळत असताना, पायरीवर ताटकळणाऱ्या पोरांना इतक्या झटपट पुस्तकं पुरवणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही. पंचाईत होते ती माझ्यासारख्याची. ‘लिस्पचं काही आहे का?’ म्हटलं की मुलगा मालकांकडे बघतो, मालक चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘कुठल्या युनिव्हर्सिटीला आहे?’

प्रोग्रॅम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पोटासाठी आधी सी, मग जावा, आता बराचसा पायथन. आवडीच्या भाषा वेगळ्या: लिस्प, प्रोलॉग, थोडी हॅस्केल. लिस्प जॉन मॅकार्थींनी १९५८ साली एमआयटीत रचायला घेतली. आज वापरात असलेल्या भाषांत तिच्याहून जुनी म्हणजे फोरट्रान. एवढं कुळ असून दुकानात तिला कोणी ओळखत नाही. सीचं मात्र नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ स्टेशनरीच्या दुकानातही मिळतं. माझ्या पिढीचा पहिला पॉइंटर त्याच पुस्तकातून चुकला आणि त्याच पुस्तकातून दुरुस्त झाला.

मालकांचा प्रश्न वेडगळ वाटतो, पण धंद्याच्या दृष्टीने तो अगदी नेमका आहे. परदेशी तांत्रिक पुस्तक डॉलरच्या भावाने आपल्याकडे खपत नाही. ते दुकानात यायचं तर भारतीय आवृत्ती निघावी लागते: पातळ कागद, कागदी बांधणी, मलपृष्ठावर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशी ताकीद. पीएचआयची ‘ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन’, स्प्रिंगरची पुस्तकं छापणारं नरोसा, ओरायलीची प्राणीवाली मुखपृष्ठं इथे आणणारं मुंबईचं श्रॉफ, या सगळ्यांनी दोन-तीन पिढ्यांच्या इंजिनिअरांना शिकवलं आहे. पण स्वस्त आवृत्ती काढायची तर हजारो प्रती खपण्याची खात्री हवी, आणि ही खात्री एकाच ठिकाणाहून येते. अभ्यासक्रमाच्या पत्रकात शेवटी ‘संदर्भग्रंथ’ नावाची यादी असते, तिच्यातली एक ओळ. ती ओळ आली की पुस्तक येतं. ती ओळ गेली की पुढच्या जूनपर्यंत पुस्तक फळीवरून उतरतं.

प्रोलॉगच्या बाबतीत हे सगळं डोळ्यांसमोर घडलं. ही भाषा १९७२ च्या सुमारास मार्सेयमध्ये आलँ कोलमेरोअर यांच्या गटाने तयार केली. तिच्यात गणित कसं सोडवायचं ते सांगायचं नसतं, काय खरं आहे तेवढं सांगायचं. शहाजी हे शिवाजीचे वडील, शिवाजी हे संभाजीचे वडील, आणि वडिलांचे वडील म्हणजे आजोबा, ही तीन वाक्यं लिहून दिली की संभाजीचे आजोबा कोण हे ती सांगते. गंमत अशी की तोच नियम उलटाही चालतो: शहाजी कोणाचे आजोबा, असं विचारलं तरी उत्तर मिळतं. शिवाजीचा मुलगा म्हणून राजारामाची ओळ घातली की तीच विचारणा दोन नातू देते. सीमध्ये यासाठी दोन वेगळी फंक्शनं लिहावी लागतात.

१९८२ साली जपानने ‘पाचव्या पिढीचे संगणक’ बनवण्याचा सरकारी प्रकल्प सुरू केला आणि त्याचा पाया म्हणून हीच तर्काधारित प्रोग्रॅमिंगची वाट निवडली. जगभर धावाधाव झाली. आपल्याकडेही इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ज्ञानाधारित संगणकप्रणालींसाठी केबीसीएस नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था त्यात होती. कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय अभ्यासक्रमांत शिरला, प्रात्यक्षिकांना प्रोलॉग आली, आणि क्लॉक्सिन-मेलिश यांचं ‘प्रोग्रॅमिंग इन प्रोलॉग’ नरोसाच्या शिक्क्याने आपल्या फळ्यांवर आलं. पुढे जपानी प्रकल्पाचा फुगा बसला. प्रात्यक्षिकं काही वर्षं सवयीने चालू राहिली, मग पायथन आली. आज ‘एआय’ची पाटी लावलेल्या रांगेत प्रोलॉगचं पुस्तक शोधून दाखवा.

पण फळीवरून उतरलेलं पुस्तक नाहीसं होत नाही. ते खालच्या अंगाने फिरू लागतं. कॉलेजं ग्रंथालय साफ करतात, कंपन्या जागा बदलतात, अमेरिकेतून परतलेला माणूस फ्लॅट विकताना खोकी रद्दीत घालतो. कमी खपाच्या भाषांची माझ्याकडची बहुतेक पुस्तकं अशी कुठेतरी काहीतरी मोडल्यामुळे आलेली आहेत. मुंबईत फाउंटनचे फुटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे ठेले हे यातले नामांकित पाणवठे. सुंदराबाई हॉलमधलं स्ट्रँड बुक स्टॉलचं प्रदर्शनही असंच होतं. तिथे परदेशात न खपलेला माल भरघोस सवलतीत यायचा, आणि परदेशात न खपलेला माल म्हणजे तांत्रिक पुस्तकांत नेमक्या माझ्याच भाषा. स्ट्रँड २०१८ साली बंद झालं तेव्हा साहित्यवाल्यांनी हळहळ व्यक्त केली. आम्हा लिस्पवाल्यांची हळहळ कोणी छापली नाही.

पुण्यातल्या एका रद्दीवाल्याकडे मला ‘ऑकॅम २ रेफरन्स मॅन्युअल’ मिळालं. प्रेंटिस हॉल, १९८८; टोनी होअर संपादक असलेल्या मालिकेतलं. ऑकॅम म्हणजे ट्रान्सप्युटर या ब्रिटिश चिपची मूळ भाषा. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ उभा केला, तो याच ट्रान्सप्युटर चिपा जोडून. मॅन्युअल कोणाचं होतं हे कळायला मार्ग नव्हता, पण त्या काळात पुण्यात ट्रान्सप्युटरवर काम कुठे चालायचं हे सांगायला ज्योतिषी नको.

ऑकॅममध्ये ‘सेक’ लिहून खाली चार ओळी लिहिल्या तर त्या एकामागून एक चालतात. ‘सेक’च्या जागी ‘पार’ लिहिलं की त्याच चार ओळी एकाच वेळी चालतात. ओळ कोणत्या गटातली हे डावीकडे सोडलेल्या दोन-दोन जागांवरून ठरतं. पायथनमुळे ही पद्धत आज पोरांच्या अंगवळणी पडली आहे. दोन प्रक्रियांनी बोलायचं ते चॅनेलमधून: उद्गारचिन्ह म्हणजे पाठव, प्रश्नचिन्ह म्हणजे घे. पाठवणारा घेणाऱ्यासाठी थांबतो, घेणारा पाठवणाऱ्यासाठी, म्हणून मधे कुलपं-किल्ल्या लागत नाहीत. माझ्या प्रतीत समासात कोणीतरी पेन्सिलीने तीन चौकोन काढून त्यांना बाणांनी गोल जोडलं होतं आणि खाली ‘तिघेही थांबले!’ असं लिहिलं होतं. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसला की सगळा कारखाना ठप्प होतो, त्या डेडलॉकची ती आकृती. ट्रान्सप्युटर गेला, ऑकॅम गेली. पण होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या कल्पनेतून निघालेली ही चॅनेलची पद्धत गूगलच्या गो भाषेत बसली आहे, आणि गोची पुस्तकं हल्ली हव्या त्या दुकानात मिळतात. गो शिकणाऱ्याला मी ते मॅन्युअल वाचायला देतो. परत मात्र आठवणीने मागून घेतो.

रद्दीच्या खालचा थर म्हणजे झेरॉक्स. लिस्पच्या मॅक्रोंवरचं, म्हणजे प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या प्रोग्रॅमांवरचं, पॉल ग्रॅहॅम यांचं ‘ऑन लिस्प’ १९९३ साली आलं, पुढे छापणं बंद झालं आणि जुन्या प्रतींचे भाव आभाळाला भिडले. लेखकाने शेवटी पीडीएफ फुकट देऊन टाकली. तोवर आणि त्यानंतरही ते पुस्तक आमच्यात फिरलं ते स्पायरल बाइंडिंगमध्ये. आता लिस्पच्या मॅक्रोत सगळा जीव तीन चिन्हांत असतो. टॅबच्या वरच्या कळीवरचं उलटं टिंबासारखं अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, आणि स्वल्पविरामाला चिकटलेलं ‘ॲट’. उलट्या चिन्हाचा अर्थ ‘हे असंच ठेव’, स्वल्पविरामाचा अर्थ ‘एवढं मात्र मोजून घाल’. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ते उलटं चिन्ह सगळ्यात आधी उडतं, आणि स्वल्पविराम शाईचा ठिपका की खरा स्वल्पविराम हे कळत नाही. मग मॅक्रो चालत नाही. चालत नाही म्हणजे कुठे काय गळालं असेल हे वाचणाऱ्याने अर्थावरून शोधायचं. हस्तलिखितं वाचणाऱ्या अभ्यासकांचं काम याहून फार निराळं नसावं. छापलेलं स्वच्छ पुस्तक हातात असतं तर आम्ही मॅक्रो इतके बारकाईने वाचले असते, असं मला वाटत नाही.

लोकप्रिय भाषेचं पुस्तक भाजीसारखं असतं, आजचं आजच खपवावं लागतं. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि तिची पुस्तकं एका रात्रीत शिळी झाली. अँग्युलरने २०१६ साली कात टाकली तेव्हा जुन्या अँग्युलरजेएसच्या पुस्तकांनी भरलेल्या फळ्या दुकानदारांच्या गळ्यात पडल्या. उलट कॉमन लिस्पचं मानक १९९४ चं आहे आणि अजून तेच चालतं. पीटर नॉर्विग यांचं कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं लिस्पचं पुस्तक १९९२ चं. त्यातले प्रोग्रॅम मी आजच्या लॅपटॉपवर चालवतो, कुठेकुठे एखादी ओळ बदलावी लागते इतकंच. ज्या भाषेला बाजार नाही तिला दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची घाईही नसते.

म्हणून जुनं दिसेल ते उचलावं असं मात्र नाही. ऐंशीच्या दशकाअखेरची टर्बो प्रोलॉगची पुस्तकं खुशाल तिथेच ठेवा. बोर्लंडची ती बोली मूळ प्रोलॉगपासून फटकून होती. प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी जाहीर करायला लावून तिने भाषेतली मजाच घालवली, आणि तिच्यावरची पुस्तकं त्या बोलीपलीकडे काही शिकवत नाहीत.

‘आता सगळं फुकट मिळतं की,’ असं तरुण सहकारी म्हणतात, आणि ते खरं आहे. एबलसन-ससमन यांचं ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स’, पीटर सायबेल यांचं ‘प्रॅक्टिकल कॉमन लिस्प’, ‘रिअल वर्ल्ड हॅस्केल’, नॉर्विगही, सगळी लेखकांनी किंवा प्रकाशकांनी खुली केली आहेत. त्यात हिशेबही आहे: विकून फार काही मिळत नाही, तर निदान भाषा तरी पसरावी. तरीही एबलसन-ससमन मी कागदावरच वाचायला सांगतो. त्यातले स्वाध्याय पडद्यावर वाचले की बोट लगेच उत्तर शोधायला धावतं. कागदावर वाचताना निदान पेन शोधेपर्यंत विचार होतो.

ते पुस्तक दुकानात मिळतं, फक्त मागवावं लागतं. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीज प्रेसने त्याची भारतीय आवृत्ती काढली आहे. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहू नका, नावावरून ते बांधकामशास्त्रात शोधतील. आयएसबीएन आणि प्रकाशक लिहा, आणि अभ्यासक्रमाचा विषय निघालाच तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट पहिल्या वर्षाला हॅस्केल शिकवते हे सांगा. लिस्पशी त्याचा संबंध नाही, पण मालकांना धीर येतो. पैसे पूर्ण आगाऊ मागतील, कारण अशी पुस्तकं वितरक परत घेत नाही. मी मागवलं तेव्हा आमच्या नेहमीच्या दुकानात दोन प्रती आल्या. वितरक एक प्रत पाठवायला तयार नव्हता म्हणे. दुसरी मालकांनी किंमत लिहून ‘एआय’च्या रांगेत लावली. पुढच्या खेपेला गेलो तर ती तिथे नव्हती.

‘कोणी नेली हो काका?’

‘कोण जाणे. एक मुलगी होती, उभ्याउभ्याच बराच वेळ वाचत होती. अजून एक मागवून ठेवू का?’

ठेवा म्हटलं.