धक्का बसला तरी चालेल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर बदलतो तेव्हा गाडीतल्या माणसाला ते किती जाणवू द्यायचं, हे ठरवण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. हे काम मला ज्यांच्यामुळे समजलं ते इंजिनिअर नव्हते. मिशिगनमधल्या इप्सिलांटीला ते माझे शेजारी होते, आणि मी पुण्याला आईशी फोनवर बोलताना त्यांचा उल्लेख 'मिस्त्री' असाच करत असे.

मी 1998 साली एका लहानशा कंपनीत कॅलिब्रेशनच्या कामाला लागलो. समोर लॅपटॉप, त्यात आकड्यांचे तक्ते. इतका थ्रॉटल, इतका वेग, तर तेलाचा दाब इतका. दाब वाढवला की शिफ्ट कडक, उतरवला की मऊ. वरिष्ठांना मऊ हवी असे, मी मऊ करून देत असे. आत काय घडतं ते मला आकृतीपुरतं ठाऊक होतं. गिअरबॉक्सचं पॅन उतरवलेलं मी तोवर पाहिलेलं नव्हतं, आणि हे ऑफिसात कुणाला कळू नये असं फार वाटायचं.

मिस्त्री गावाजवळच्याच विलो रनच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-24 बॉम्बर विमानं बांधली. पुढे 1953च्या ऑगस्टमध्ये लिव्होनियातला हायड्रामॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना जळून खाक झाला, तेव्हा जनरल मोटर्सने आपलं काम विलो रनला हलवलं. 1964 साली आलेला टर्बो हायड्रामॅटिक 400 तिथलाच. शेतावरच्या ट्रकमध्ये तो होताच, शिवाय रोल्स-रॉइसने घेतला, जॅग्वारने घेतला, फेरारीनेसुद्धा घेतला. मिस्त्रींना या यादीचा अभिमान होता. फेरारीचं नाव मात्र ते हसत हसत घेत.

मी 1979ची जुनी शेवरोले सी-20 विकत घेतली, तिच्यात हाच गिअरबॉक्स. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनाचा आवाज किंचित चढायचा आणि मग गिअर अलगद लागायचा. या अलगदपणावर मी खूश होतो. मिस्त्रींनी माझी गाडी गल्लीत शिरताना ऐकली आणि म्हणाले, "ही मऊ शिफ्ट नाही. तुझा क्लच घासतोय."

मी गडबडून गेलो. घसरत असतो तेवढा वेळ क्लच तापतो, तेल करपतं, अस्तर झिजतं. हे मला पाठ होतं. पण ज्याला आम्ही ऑफिसात 'क्वालिटी' म्हणत होतो तोच हा घसरण्याचा वेळ आहे, हे दोन धागे माझ्या डोक्यात कधी जुळलेच नव्हते.

लगेच मी 'शिफ्ट किट', म्हणजे शिफ्ट कडक करायचं सामान, मागवलं. ही कल्पना रुजवली कॅलिफोर्नियातल्या गिल यंगर यांनी, त्यांच्या ट्रान्सगो कंपनीतून. छोट्या डब्यात स्प्रिंगा, गॅस्केटं, ड्रिलची पाती आणि सूचनांचा कागद. मिस्त्रींनी डबा हातात घेतला आणि फळीवर ठेवून दिला. "आधी गाडीला काय झालंय ते बघू. क्लच संपला असेल तर यातलं काही उपयोगाचं नाही."

त्यांनी तेलाचा वास घेतला. पॅन उतरवून तळाचा राखी गाळ अंगठ्या-बोटात चोळला, उजेडात धरला. चकाकणारे कण नव्हते, म्हणजे आतलं धातूकाम शाबूत होतं. तेल टपकत असताना सांगत होते की 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात देवमाशाचं तेल घालत असत. मग पॅन परत लावलं, तेल भरलं, केसवरच्या भोकात दाबाचा गेज बसवला, इंजिन चालू केलं आणि मला सांगितलं, "आता मॉड्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढ." काटा 60–70 पीएसआयवर होता. नळी काढताच 150च्या आसपास गेला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मला मात्र ते उलटं वाटत होतं. नळी निखळली तर दाब पडायला हवा ना? त्यांनी इंजिन बंद केलं आणि बंपरवर टेकून समजावलं. पाय जितका दाबावा तितका इंजिनाचा व्हॅक्यूम कमी होतो, आणि तो कमी झाला की मॉड्युलेटर तेलाचा दाब वाढवतो. नळी फाटली तर गिअरबॉक्सला वाटतं, ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबलाय. दाब चढतो, शिफ्टला हिसका बसतो, माणूस वैतागून गॅरेजात येतो. दाब पडला असता तर गाडी गुमान चालत राहिली असती आणि क्लच जळून गेले असते. ज्याने हे आखलं त्याने धक्का निवडला होता.

क्लच अजून संपलेला नाही हे कळल्यावर फळीवरचा डबा खाली आला. व्हॉल्व्ह बॉडी सोडवताना सेपरेटर प्लेटवरचे पोलादी छर्रे माझ्या कपाळावर पडले, त्यावर ते मनापासून हसले. प्लेटमधली तेलाची भोकं किती मोठी करायची याचे पर्याय कागदावर होते: ओझं ओढण्यासाठी वेगळे, शर्यतीसाठी वेगळे. त्यांनी सर्वांत लहान पातं निवडलं. खाली लाकडी ठोकळा धरून मला भोक पाडायला दिलं आणि कडेला उठलेली धातूची बारीक धार दोन्ही बाजूंनी कानशीने काढायला लावली. तेवढीशी राहिली तरी व्हॉल्व्ह अडकतो. छर्रे परत बसवताना ग्रीस नाही, व्हॅसलीन, कारण ते तेलात विरघळून जातं. पान्याचा हात त्यांनी एकदाही स्वतःकडे घेतला नाही. तिसरा गिअर नंतर ठामपणे लागू लागला. डोकं मागे आपटण्याइतका नाही.

ऑफिसात माझं काम त्यानंतर बदललं. शिफ्ट मऊ करायच्या आधी क्लच किती वेळ घसरतोय हे मी मोजायला लागलो आणि बैठकीत बोलायलाही लागलो. पहिल्यांदा बोललो तेव्हा वरिष्ठ नाराज झाले, पण पुढे ऐकू लागले. मला जी बढती मिळाली ती या बोलण्यावर मिळाली. माझ्या पदवीचा तीत फारसा वाटा नव्हता.

एकदा मी मिस्त्रींना लॅपटॉप दाखवला. 1991 साली आलेला 4एल80-ई हा त्यांच्याच 400चा इलेक्ट्रॉनिक वारस, आणि तो विलो रनचाच. शिफ्टच्या क्षणी कॉम्प्युटर इंजिनाचा जोर थोडा उतरवतो, म्हणून शिफ्ट झटपट आणि तरी मऊ होते, हे मी उत्साहाने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि वायर तुटली तर?"

मी सांगितलं, सोलेनॉइडची वीज गेली की दाब पूर्ण चढतो.

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि कॉफी गार होतेय याची आठवण करून दिली.