पाच तोंडांचं जहाज

मिलानो नावाच्या त्या जहाजावर शांतता फार काळ टिकत नाही. ड्रॅक्स गमोराला नावाने हाक न मारता पुन्हा एकदा ‘मारेकरीण’ म्हणतो. पैसे कुणाच्या मूर्खपणामुळे बुडाले यावरून रॉकेट कुणाला तरी धारेवर धरतो. ग्रूट त्याचं ते एकुलतं एक वाक्य बोलतो. ते रॉकेटशिवाय कुणालाच कळत नाही, म्हणून रॉकेट त्याचा अर्थ सांगतो आणि त्या अर्थावरून नवा वाद सुरू होतो. ‘मार्व्हल्स गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ हा व्हिडिओ गेम 26 ऑक्टोबर 2021 रोजी बाजारात आला. तो आधी कानांनी ओळखीचा होतो. त्यातले ग्रह, राक्षस, लेझरच्या रेघा हे सगळं डोळ्यांत भरतं ते त्यानंतर.

हा गेम घडवला कॅनडातल्या आयडॉस माँट्रियल या स्टुडिओने. दिग्दर्शनाची सूत्रं ज्याँ-फ्रान्स्वा द्युगा यांच्याकडे होती आणि कथनाची बाजू मेरी डिमार्ल यांनी सांभाळली. याच दोघांनी 2011 मध्ये ‘ड्यूस एक्स: ह्यूमन रेव्होल्युशन’ केला होता. तो गंभीर, काळोखा, माणूस आणि यंत्र यांच्या सीमेवरचे प्रश्न विचारणारा गेम. अशी माणसं रॉकेट हा बोलणारा रॅकून आणि ग्रूट हे चालतं झाड घेऊन विनोदी अंतराळकथा करणार म्हटल्यावर अनेकांना शंका होती. त्यात 2014 च्या जेम्स गन यांच्या चित्रपटाने या पाचजणांचे चेहरे आणि आवाज लोकांच्या मनात पक्के करून ठेवलेले. गेममधला पाचवा, पीटर क्विल, वेगळा दिसतो, वेगळा बोलतो. सुरुवातीचा तासभर परकेपणा जाणवतो, हे खरं. पुढे तो कधी ओसरला ते कळतही नाही.

सुपरहिरोंच्या टोळीचा गेम म्हटला की खेळाडूची अपेक्षा ठरलेली असते. सगळे हिरो आपल्या हातात यावेत, वाटेल तेव्हा एकाला सोडून दुसऱ्याच्या अंगात शिरता यावं. वर्षभर आधी, 2020 मध्ये आलेल्या ‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ने बरेच हिरो खेळाडूच्या हातात दिले होते. आयडॉस माँट्रियलने मात्र खेळाडूच्या हाती एकटा पीटर क्विल सोपवला. स्वतःला ‘स्टार-लॉर्ड’ म्हणवून घेणारा, दोन पिस्तुलं आणि उडते बूट बाळगणारा हा पृथ्वीवरचा पोरगा टोळीचा म्होरक्या आहे. बाकीचे चौघे मात्र त्याला म्होरक्या मानायला फारसे राजी नाहीत. गमोरा थॅनोसच्या हाताखाली घडलेली योद्धी. या गेमच्या विश्वात थॅनोसला संपवल्याची ख्याती आहे ड्रॅक्सची. अशा लोकांवर हुकूम चालवायचा तो क्विलने.

हा निर्णय फार मोलाचा आहे. चौघांना स्वतःच्या बोटांनी नाचवता येत नाही, म्हणून त्यांच्याशी बोलावं लागतं. बोलायचं तर आधी ऐकावं लागतं. गेमची गोष्ट, त्यातला विनोद आणि त्यातली मारामारी या तिन्ही गोष्टी या एकाच खुंट्याला बांधलेल्या आहेत.

विनोदाचंच पाहा. व्हिडिओ गेममधला विनोद बहुधा तयार चित्रफितींत असतो. दोन मारामाऱ्यांच्या मध्ये एक किस्सा घडतो आणि मग पुन्हा गोळीबार. इथे तो चालता चालता घडतो. खेळाडू मुख्य वाट सोडून एखाद्या कोपऱ्यात सुटे भाग शोधायला वळला, की मागून टोमणा येतो. कप्तान पुन्हा भलतीकडे निघाला, हे सगळ्यांच्या लक्षात आलेलं असतं. ड्रॅक्सला उपमा, रूपकं कळत नाहीत. तो प्रत्येक शब्द जसाच्या तसा घेतो. त्यामुळे क्विलने सहज टाकलेलं वाक्य तो गंभीरपणे तपासायला घेतो आणि ती तपासणी पुढच्या वळणापर्यंत चालू राहते. मध्येच शत्रू आले तर बोलणं तुटतं. एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं चढतं, कधी दोघे एकदम बोलतात. ऐकणाऱ्याला वाटतं, ही माणसं आपण येण्याआधीपासून भांडत होती आणि आपण गेल्यावरही भांडत राहतील.

सेकनार्फ नाइन या ग्रहावरचा एक प्रसंग या गेमचा सगळा स्वभाव दाखवतो. वाटेत दरी आडवी येते. पलीकडे जाऊन पूल सुरू करायला कुणीतरी हवं आणि रॉकेट काही केल्या ऐकत नाही. ड्रॅक्सकडे साधा उपाय आहे: रॉकेटला उचलायचं आणि पलीकडे भिरकावायचं. तो क्विलकडे पाहतो. खेळाडूपुढे दोन पर्याय येतात, हो किंवा नको. हात शिवशिवतातच! ‘हो’ म्हटलं की रॉकेट खरोखरच हवेतून जातो आणि दृश्य भन्नाट असतं. पण तो हे विसरत नाही. त्याला मालासारखं फेकलं गेलं आणि म्होरक्याने ते होऊ दिलं, हा राग तो बोलून दाखवतो. प्रयोगशाळेत ज्याच्या देहाशी खेळ झाला, ज्याला कुणी ‘प्राणी’ म्हटलेलं खपत नाही, त्याला हवेत भिरकावणं किती झोंबत असेल, हे खेळाडूला हसू ओसरल्यावर उमगतं. चांगला विनोद एवढं करू शकतो. तो माणसाच्या दुखऱ्या जागेपर्यंत घेऊन जातो आणि तिथे आपल्याला उभं करतो.

या टोळीची खटपटही मुळात पोटापाण्याची आहे. मोठं आकाशगंगीय युद्ध संपून बारा वर्षं झालीत. बंदी घातलेल्या प्रदेशात चोरून शिरल्याबद्दल नोव्हा कोअर, म्हणजे अंतराळातली पोलीस फौज, त्यांना पकडते आणि जबर दंड ठोठावते. तो भरायला पैसे नाहीत. म्हणून लेडी हेलबेंडर या राक्षस जमवणाऱ्या बाईला आपल्यातलाच एकजण ‘दुर्मीळ राक्षस’ म्हणून विकायचा आणि नंतर पळवून आणायचा, असा बेत शिजतो. कोणाला विकायचं, रॉकेटला की ग्रूटला, हे खेळाडू ठरवतो. विश्व वाचवण्याची भाषा बरीच पुढे येते. आधी असतो तो दंड.

आता मारामारी. क्विलच्या पिस्तुलांना टप्प्याटप्प्याने बर्फ, वीज, वारा आणि आग अशा शक्ती मिळतात. कोणता शत्रू कशाने ढासळतो हे ओळखायचं. शिवाय एक बटण दाबून धरायचं, चौघांपैकी एकाला निवडायचं आणि त्याला त्याचं काम सांगायचं. ग्रूट मुळांच्या जाळ्यात शत्रूंना जखडून ठेवतो. ड्रॅक्स धडक देऊन त्यांचा तोल घालवतो. गमोराची तलवार एकाच शत्रूवर खोल घाव घालते. रॉकेटचे बॉम्ब अख्ख्या घोळक्याला उडवतात. ग्रूटने बांधलं, रॉकेटने फोडलं, उरलेल्याला गमोराने संपवलं, असा क्रम एकदा जमला की हाताला लय सापडते. पहिल्या काही तासांत ही लय नवी असते. पुढे शत्रूंची संख्या आणि टणकपणा वाढतो, पडद्यावर रंगांचा असा काला होतो की आपण कशावर गोळ्या झाडतोय तेच दिसत नाही. त्यातल्या काही चकमकी उगाच लांबल्या आहेत. निव्वळ मारामारी म्हणून याहून नेटके गेम पुष्कळ आहेत. बंद दारं उघडण्याची कोडीही सोपीच आहेत: झाडाने पूल करायचा, बलदंडाने ओझं हलवायचं, रॉकेटने फटीतून सरपटत जायचं.

आणि मग ऐन धुमश्चक्रीत ‘हडल’ येतं.

लढता लढता एक पट्टी भरत जाते. ती भरली की खेळाडूने दोन बटणं एकदम दाबायची. लढाई जागच्या जागी थांबते. बाकीचे चौघे धावत येऊन क्विलभोवती कोंडाळं करतात, क्विल मध्ये, आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांतून त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहतो. एकेकजण बोलू लागतो. कधी ते हबकलेले असतात, कधी नको इतके फुशारलेले. त्यांच्या बोलण्यातले शब्द मागे हवेत तरंगत राहतात. मग क्विलने भाषण करायचं असतं. दोन सुरुवाती समोर येतात, त्यातली एक निवडायची. खचलेल्यांना उभारी द्यायची की चढलेल्यांना जमिनीवर आणायचं, हे आत्ता कानांवर जे पडलं त्यावरून ठरवायचं. बरोबर निवडलं तर सगळ्यांच्या अंगात बळ येतं आणि पडलेलेही उठून उभे राहतात. चुकलं तर चौघे एकमेकांकडे पाहतात, कुणीतरी नाराजीने काही पुटपुटतं आणि बळ मिळतं ते एकट्या क्विलला.

दोन्ही वेळा गाणं मात्र वाजतंच. क्विलचं बालपण 1980 च्या दशकातलं, त्यामुळे कॅसेटही त्याच काळाची. बॉनी टायलर, आयर्न मेडन, ब्लाँडी, वॅम. राक्षसांशी झुंज चाललेली आणि वर रिक ॲस्टलीचं ‘नेव्हर गॉना गिव्ह यू अप’ लागलं, तर त्या विसंगतीने खेळाडूचं आधीचं अपयश धुऊन जातं. या गाण्यांशेजारी आणखी एक चीज आहे. ‘स्टार-लॉर्ड’ नावाचा हेवी मेटल बँड गेमकर्त्यांनी स्वतःच कल्पिला आणि त्याचा अख्खा अल्बम लिहून, वाजवून, ध्वनिमुद्रित केला. क्विलने आपलं टोपणनाव या बँडवरून घेतलं, अशी ही कल्पना. गेम उघडतो तेव्हा किशोरवयीन पीटर तळघरातल्या आपल्या खोलीत याच बँडचं गाणं ऐकत असतो. खोलीतल्या वस्तू उचलून पाहता येतात, अल्बमच्या वेष्टनावरचा मजकूर वाचता येतो. वरून आई हाक मारते. खोटा बँड असा खराखुरा करून ठेवल्यामुळेच तो पोरगा खरा वाटतो. एवढ्या कष्टांची गरज नव्हती, तरी ते घेतले, आणि कारागिरी अशाच जागी ओळखू येते.

आई हे या गोष्टीचं मर्म आहे, आणि सगळ्या थट्टामस्करीच्या खालून दुःखच वाहतं. कथेतला शत्रू आहे युनिव्हर्सल चर्च ऑफ ट्रुथ हा पंथ आणि त्याचा प्रमुख रेकर. त्याच्याकडे तलवार, तोफा आहेतच, पण खरं शस्त्र वेगळं आहे. तो लोकांना ‘प्रॉमिस’ देतो: गेलेलं माणूस परत भेटेल, घर पुन्हा उभं राहील, काहीच झालं नव्हतं असं होईल. आपल्या दुःखाला कवटाळून बसलेलं कुणीही याला नाही म्हणणार नाही. युद्धाने पोळलेल्या आकाशगंगेत अशी माणसं भरपूर. नोव्हा कोअरचे सैनिकसुद्धा एकामागून एक वश होतात. दंड भरायला क्विल आणि मंडळी त्यांच्या ठाण्यावर पोचतात, तर पैसे घ्यायला जाग्यावर कुणीच नाही. विनोदी कथेने इथे कूस बदललेली असते.

सगळ्यात हळवी पाळी येते ती ड्रॅक्सची. त्याची बायको होव्हॅट आणि मुलगी कमारिया दोघी मारल्या गेल्या आहेत. ‘प्रॉमिस’च्या आत त्याला त्या दोघी जिवंत भेटतात. मॅन्टिस या पात्राच्या मदतीने क्विलला त्याच्या मनात शिरावं लागतं आणि त्या सुखातून त्याला बाहेर आणावं लागतं. पिस्तुलांचा तिथे उपयोग नाही. शब्द शोधायचे, पर्याय निवडायचे, समोरचा काय म्हणतो ते ऐकायचं. हे सगळं खेळाडू आतापर्यंत हडलमध्ये गिरवत आलेला असतो. तिथे चुकलं तर थोडं बळ हुकत होतं, इथे पणाला एका बापाचं मन लागलेलं असतं. इतका वेळ ड्रॅक्सच्या शब्दशः बोलण्यावर हसलो, त्याच माणसाला त्याची मुलगी खरी नाही हे सांगायचं. पात्राची गंमत आणि पात्राचं दुःख एकाच जागेवरून उगवतं, हे पेलणं चांगल्या चांगल्या लेखकांना जमत नाही.

निकी गोल्ड या बारा वर्षांच्या मुलीची गोष्टही याच धाग्यावर विणलेली आहे. तिची आई को-रेल ही नोव्हा कोअरची अधिकारी, क्विलची जुनी मैत्रीण. आई गेल्यावर ती मुलगी तिला परत मिळवण्याच्या हट्टाला पेटते आणि त्या हट्टाचा भडका सगळ्यांना वेढतो. सोळा प्रकरणांच्या या कथेत तिला हरवायचं कसं हा प्रश्न कधीच पडत नाही. तिच्याजवळ बसायचं कसं, हा पडतो.

डिसेंबर 2021 मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात या गेमला सर्वोत्तम कथनाचा पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी भरभरून लिहिलं. विक्रीने मात्र साथ दिली नाही. समीक्षणं चांगली असूनही सुरुवातीची विक्री अपेक्षेपेक्षा कमी पडली, असं प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने फेब्रुवारी 2022 मध्ये सांगितलं. ‘ॲव्हेंजर्स’ने पोळलेले लोक त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या मार्व्हल गेमकडे फिरकले नाहीत, असं म्हणायला जागा आहे. मे महिन्यात तर स्टुडिओच विकायला निघाला. आयडॉस माँट्रियल, क्रिस्टल डायनॅमिक्स आणि इतर मालमत्ता मिळून 30 कोटी डॉलरला एम्ब्रेसर समूहाला देण्याचा करार जाहीर झाला. जानेवारी 2024 मध्ये स्टुडिओतल्या 97 जणांना नोकरी गमवावी लागली. या गेमचा दुसरा भाग आजवर आलेला नाही, आणि ही गोष्ट मनाला लागते. बोलण्यावर इतकी मेहनत घेणारी मोठ्या खर्चाची कामं या व्यवसायात मुळातच थोडी आहेत.

एक मात्र बरं झालं. ‘ॲव्हेंजर्स’सारखं जास्तीचे पोशाख विकणं, दर महिन्याला नवा मजकूर ओतणं असलं काही या गेममध्ये पहिल्यापासून ठेवलंच नव्हतं. ‘ॲव्हेंजर्स’ 30 सप्टेंबर 2023 नंतर दुकानांतून विक्रीसाठी काढून टाकण्यात आला. क्विलची गोष्ट मात्र एकट्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आजही खेळता येते. नव्याने सुरू करणाऱ्याला सेकनार्फ नाइनची ती दरी लागेल, ड्रॅक्स वळून पाहील, आणि रॉकेटचं काय करायचं ते त्याला ठरवावं लागेल.